ॲसिड उडालं तर आधी पाणी. चुना नको, गूळही नको

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याचा एक मेसेज आला. 'ॲसिडच्या कामातल्या भावांनो, घाबरू नका' असा मथळा, खाली सहा उपाय आणि शेवटी 'एका कामगाराचा जीव वाचेल, पुढे पाठवा'. आत्याचा मुलगा भोसरीच्या एमआयडीसीत हार्ड क्रोमच्या, म्हणजे धातूवर क्रोमियमचा जाड थर चढवायच्या, टाकीवर कामाला आहे. मेसेज तिला त्यानेच पाठवला होता आणि त्याला तो वर्कशॉपमधल्या एका जुन्या ऑपरेटरकडून आला होता. मी त्याला लगेच फोन केला. बोलता बोलता कळलं की पंधरा दिवसांपूर्वी पिकलिंगच्या, म्हणजे ॲसिडने गंज काढायच्या, टाकीत धातूचा भाग सोडताना त्याच्या डाव्या हातावर ॲसिड उडालं होतं. त्याने मेसेजबरहुकूम केलं. शेजारच्या हेल्परच्या खिशातली चुन्याची डबी घेतली, चुना चोळला, वर फडकं गुंडाळलं आणि अर्ध्या तासाने, हातातलं काम संपल्यावर, हात धुतला. जखम अजून भरलेली नाही.

मी अकरा वर्षं प्लेटिंगच्या बाथचे, म्हणजे टाकीतल्या द्रावणाचे, नमुने तपासते. डॉक्टर नाही, पण या टाक्यांमध्ये काय असतं आणि ते माणसाचं काय करतं हे मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे. हा मेसेज आणखी किती शॉपमध्ये फिरत असेल या विचाराने मला दोन रात्री झोप लागलेली नाही.

सगळ्यात घातक उपाय आधी घेते. मेसेज म्हणतो: 'ॲसिड उडाल्यास पाणी अजिबात लावू नये, उकळी फुटून जखम खोल जाते. लगेच खाण्याचा चुना लावावा. चुना ॲसिडला मारतो, शिवाय त्यात कॅल्शियम असते.'

यातलं पहिलं वाक्य कुठून आलं ते मला माहीत आहे. बाथ तयार करताना प्रत्येक नवीन मुलाला आम्ही बजावतो की ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचं. तीव्र सल्फ्युरिकमध्ये थोडं पाणी पडलं की एवढी उष्णता निघते की ते उसळून तोंडावर येतं. हा नियम टाकीचा आहे, कातडीचा नाही. टाकीत ॲसिड भरपूर आणि पाणी थोडं असतं. हातावर ॲसिडचे चार थेंब असतात आणि त्यावर नळाची अखंड धार. तयार होणारी उष्णता आणि ॲसिड दोन्ही त्या धारेबरोबर वाहून जातात. म्हणून ओला कपडा फिरवून किंवा मगभर पाणी टाकून भागत नाही. धार हवी, आणि ती निदान पंधरा-वीस मिनिटं हवी. धुता धुताच भिजलेला शर्ट, पॅन्ट, गमबूट उतरवायचे. पॅन्ट गमबुटात खोचलेली असेल तर ॲसिड बुटात साठतं आणि पाऊल त्यात भिजत राहतं. पॅन्ट नेहमी बुटाच्या वरून सोडायची. क्रोमच्या टाकीत घालायच्या क्रोमिक ॲसिडचे कोरडे फ्लेक्स अंगावर सांडले असतील तर तेवढे आधी झटकावेत, पण त्यानंतर पाणीच.

आता चुना. चुना ॲसिडला मारतो हे खरं, बीकरमध्ये. मारताना उष्णता निघते आणि इथे ती तुमच्या भाजलेल्या कातडीवर निघते. किती थेंबांना किती चुना पुरेल हे त्या क्षणी कोण मोजणार? जास्त झाला तर उरलेला चुना अल्कली म्हणून स्वतःच भाजायला लागतो. अल्कली कातडीतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत आत उतरते, म्हणून तिची जखम बऱ्याचदा ॲसिडपेक्षा खोल जाते. डोळ्यात चुना गेला तर काय होतं हे खेड्यापाड्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे. तंबाखूबरोबरची चुन्याची डबी बाळ खेळायला घेतं आणि बुबुळ पांढरं होतं. तोच चुना ॲसिड उडालेल्या डोळ्यापाशी न्यायला सांगणारा माणूस कोण असेल, मला कळत नाही.

आणि सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं. डोळे धुण्याचा आयवॉश दहा सेकंदांत पोहोचता येईल अशा ठिकाणी असावा, असा एएनएसआय या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा मापदंड आहे. दहा सेकंद. माझ्या भावाने अर्धा तास चुना बांधून ठेवला. त्याच्या हातावर उडालेलं पिकलिंगचं, म्हणजे हायड्रोक्लोरिक होतं, आणि तेही पाणी घालून पातळ केलेलं. शेजारच्या टाकीतलं क्रोमिक असतं तर? क्रोमिकने अंगाचा थोडासा भाग भाजला तरी क्रोमियम जखमेतून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. वरून जखम छोटी दिसते, पेशंट चालत घरी जातो आणि नंतर लघवी बंद होते. क्रोमिकचं भाजणं, कितीही लहान असो, धुऊन झालं की त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं आणि 'क्रोमिक ॲसिड' हे नाव सांगायचं. 'केमिकल उडालं' एवढंच सांगू नका.

कॅल्शियमबद्दल मला एक गोष्ट मान्य करावी लागेल. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, जे काचेवर नक्षी कोरायला आणि स्टेनलेसच्या पिकलिंगमध्ये नायट्रिकबरोबर वापरतात, ते शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. त्याच्यावर भरपूर पाण्याने धुतल्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळतात आणि तो खरोखर उपचार आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं. पण ते एकाच ॲसिडसाठी आहे, ते औषधी जेल आहे आणि तिथेही पहिला नंबर पाण्याचाच.

दुसरा उपाय गुळाचा. 'शिफ्ट संपल्यावर गुळाचा खडा खा, फुफ्फुसातले ॲसिड गुळाला चिकटून बाहेर पडते.' बऱ्याच ठिकाणी मालक शिफ्टनंतर गूळ किंवा दूध देतात आणि कामगारांना वाटतं आपली काळजी घेतली गेली. गुळाच्या मागेही अर्धं सत्य आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या फुफ्फुसात कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडली आणि काहींना गूळ दिला. गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून धुळीचे कण जास्त प्रमाणात हललेले दिसले. उंदीर आणि धूळ, एवढंच. ॲसिडचा तुषार धुळीसारखा आत पडून राहत नाही. तो ओल्या पडद्यावर बसतो आणि तिथेच जाळतो. खाल्लेला गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनलिकेत जात नाही. गूळ खायचा असेल तर खा. मालकाने एक्झॉस्टच्या जागी गूळ दिला असेल तर एक्झॉस्ट मागा.

'नाक चुरचुरत नसेल तर हवा साफ आहे.' हा तिसरा मुद्दा. पिकलिंगच्या टाकीबाबत थोडा खरा आहे, कारण हायड्रोक्लोरिकची वाफ नाकाला लगेच झोंबते आणि माणूस आपोआप मागे सरतो. क्रोमची टाकी तशी सावध करत नाही. क्रोम प्लेटिंगमध्ये सोडलेल्या करंटपैकी जेमतेम १० ते २० टक्के करंट धातू चढवण्यात जातो. बाकीचा बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. ते बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिकचा बारीक तुषार हवेत उडवतो. टाकीवर पिवळसर धुकं दिसतं ते हेच. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत क्रोमिकची मर्यादा एका घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम दिली होती. एवढंसं नाकाला कसं कळणार?

ते नाकाला कळतं तेव्हा नाकच गेलेलं असतं. तुषार नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतो, तिथे व्रण होतो, खपली धरते, माणूस ती बोटाने काढतो आणि हळूहळू पडद्याला आरपार भोक पडतं. बहुतेकदा दुखत नाही. कुणाचं नाक श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखं वाजतं तेव्हा लक्षात येतं. हाताच्या बोटांवर, नखांच्या कडेला गोल, खोल, न दुखणारे व्रण होतात ते वेगळे. ग्लासगोचे डॉक्टर विल्यम क्यूमिन यांनी बायक्रोमेट या क्रोमच्या क्षारावर काम करणाऱ्या कामगारांचे हे व्रण १८२७ साली नोंदवून ठेवले आहेत. सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत क्रोमचे व्रण नाव घेऊन आहेत. म्हणजे 'अंगात उष्णता आहे म्हणून होतं' असं सांगून परत पाठवण्याचा हा आजार नाही.

चौथा मुद्दा नाकावर ओला रुमाल बांधण्याचा. रुमाल तुषार अडवत नाही, साठवून ठेवतो, आणि मग तुम्ही तोच नाकाला लावून आठ तास श्वास घेता. टाकीच्या काठाला लागून हवा ओढणारा ब्लोअर, बाथमध्ये फेस धरणारं रसायन, आणि त्यावर नीट बसणारा, तुषार अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क हवा, याच क्रमाने.

'चार-पाच वर्षांत शरीराला सवय होते' हा पाचवा मुद्दा वाचून मला खरोखर संताप आला. सवय होते ती चुरचुरण्याची. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावरची संशोधन संस्था, आयएआरसी, हिने १९९० साली सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमिकमध्ये असतं ते, पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. त्या निष्कर्षात क्रोम प्लेटिंगच्या उद्योगाचा नाव घेऊन उल्लेख आहे. फुफ्फुसाचा कर्करोग. १९९२ साली त्याच संस्थेने सल्फ्युरिक असलेले तीव्र ॲसिडचे तुषारही पहिल्याच गटात घातले, तिथे स्वरयंत्राचा कर्करोग. हे आजार उघड व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. पाच वर्षांत काही झालं नाही म्हणून सवय झाली म्हणणं म्हणजे तेवढ्या वर्षांचा हिशेब अंगात साठवत जाणं आहे.

सहावा: 'ॲसिड पोटात गेल्यास मिठाचे पाणी पिऊन उलटी काढा.' काढू नका. जाताना जाळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. चूळ भरा आणि थेट हॉस्पिटल.

भावाला मी त्याच फोनवर दोन गोष्टी विचारल्या. तुझा ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, नंबर आहे का, आणि टाकीपासून सगळ्यात जवळचा नळ किती पावलांवर आहे. नंबर आहे. क्रोमियममुळे होणारे आजार ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, त्यामुळे तो मंगळवारी हात आणि नाक दोन्ही दाखवायला जाणार आहे. नळाची पावलं त्याने दुसऱ्या दिवशी मोजून सांगितली. चौतीस, आणि मध्ये रिकाम्या पिंपांची रांग. डोळे मिटलेले असताना त्या रांगेतून कुणीही वाट काढू शकणार नाही. त्याने आणि हेल्परने सुपरवायझरला सांगून पिंपं हलवली आहेत, असा काल रात्री निरोप आला. टाकीजवळ अंग धुवायचा शॉवर अजून बसवलेला नाही.