किट नको, सूप काढा

आज उपासना सुटल्यावर आवारात एका तरुण आईने विचारलं, "लेकीला घरीच शिकवायचं म्हणतेय, पण ते बायबलच्या धड्यांचं परदेशी किट काही परवडत नाही. त्याच्याशिवाय जमेल का हो?" मी काही बोलायच्या आत शेजारच्या बाईंनी निकाल देऊन टाकला, "किट नाही तर ख्रिस्ती होमस्कूलिंग कसलं? नुसतं घरी बसवणं झालं ते." त्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

अहो, त्या किटांमध्ये बहुतेक वेळा असतं काय? रंगवायचं नोहाचं तारू (जलप्रलयातलं जहाज), कापूस चिकटवायची मेंढी, आणि मापं सगळी इंच, पाउंड, फॅरनहाइटमध्ये. रंगवलेलं तारू कधी बुडत नाही, म्हणून त्यातून मूल काही शिकत नाही. हाताने शिकायचं म्हणजे ज्यात चुकू शकतं, मोजावं लागतं, पुन्हा करावं लागतं असं काम. आणि बायबलमधल्या घरात काय काय आहे ते आठवा: सूप, जातं, दिवा, खळं, खमीर, मोहरी. ही सगळी आपल्या आज्यांच्या हातातली हत्यारं. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात खळं स्वच्छ करणाऱ्याच्या हातात आपल्या मराठी बायबलने सूपच दिलंय. आणि आपण ते माळ्यावर टाकून अमेरिकेहून पुठ्ठा मागवायचा?

तर त्या आईसाठी सांगते. पाव किलो शेंगदाणे भाजा, पूर्ण गार होऊ द्या, चोळा, वजन करा आणि सूप मुलीच्या हातात द्या. वर उडवताना सुपाची पुढची कड किंचित खाली हवी. जास्त झुकली तर दाणेही सालांबरोबर जातात, अजिबात झुकली नाही तर सालं परत सुपातच पडतात. पंखा बंद ठेवा, नाहीतर आठवडाभर घरभर सालं. पाखडून झाल्यावर पुन्हा वजन. मग बायबलमधलं पहिलं स्तोत्र उघडा आणि वाऱ्याने उडणाऱ्या भुसाचं वचन वाचा. पाठांतर वेगळं घ्यावं लागत नाही.

येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला, म्हणजे बोधकथा, तर गणिताचा अख्खा धडा आहे: नवरदेव मध्यरात्री आला, आणि भांड्यात जादा तेल नेलेल्या पाच शहाण्या कुमारींचेच दिवे जळत राहिले. मातीची नवी पणती आधी चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, कारण कोरडी माती तेल पिते आणि सगळा हिशोब चुकतो. बाहेरून पुसून, तेल-वात घालून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, ग्रॅम लिहा, मग लावा. दर अर्ध्या तासाने विझवून वजन आणि पुन्हा लावणं. (मोठं माणूस शेजारी हवंच, ओढणी-पडदे लांब.) एकदा बारीक वात, एकदा दुप्पट जाड. जाड वात तेल भराभर खाते आणि काजळीही धरते, हे पोरं डोळ्यांनी बघतात. मग विचारा: संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत किती तेल लागलं असतं? भांड्यात जादा किती न्यायला हवं होतं? शहाण्या कुमारी शहाण्या का, ते त्या उत्तरात आहे.

खमिरासाठी यीस्टचं पाकीट चालतं, पण एकदाच. 250 ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा कोरडं यीस्ट, एक चमचा साखर, 150 मिली कोमट पाणी, चिमूटभर मीठ. पाणी बोट बुडवून सहज सोसेल एवढंच. कढत घातलंत तर यीस्ट मरतं आणि पीठ ढिम्म बसून राहतं. यीस्ट जुनं वाटलं तर साखरेच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघा, फेस आला नाही तर फेकून द्या. खरा दाखला दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवसाच्या पिठातला लिंबाएवढा गोळा बाजूला ठेवायचा आणि तो नव्या पाव किलो पिठात यीस्ट न घालता मळायचा. उभ्या बरणीत भरून पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पीठ रबरबँडच्या कितीतरी वर. थंडीत दुपार उजाडेल, उन्हाळ्यात फार वेळ ठेवलं तर आंबूस होऊन खाली बसेल. येशूच्या दाखल्यातल्या स्त्रीने तीन मापं पिठात खमीर लपवलं, ती मापं म्हणजे सुमारे 40 लिटर, वीस किलोंहून जास्तच पीठ! हे सांगितलं की पोरांचे डोळे जे विस्फारतात ना, ते बघून कुठलाही शीण उतरतो.

नोहाच्या तारवाचं मापही बायबलमध्येच आहे: तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. मुलाचा कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात 35 सेंमी भरला तर तारू 105 मीटर, बाबांचा 45 भरला तर 135. मग खरं कुठलं? प्रमाणित माप का लागतं हे इथे कळतं. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं 30 बाय 5 बाय 3 सेंमीचं खोकं करा, कोपरे कापू नका, दुमडा, आणि बाहेरून चिकटपट्टी. कापलेल्या कोपऱ्यातून पाणी शिरतं. आकारमान 450 घनसेंमी, म्हणजे खोकं आणि आतली वाळू मिळून 450 ग्रॅम झाली की बुडायला हवं. प्रत्यक्षात आधीच बुडेल, कारण वाळू एका बाजूला सरते आणि कड पाण्याखाली जाते.

आणि मोहरी. कागदावर मोहरीशेजारी खसखस ठेवा. मूल म्हणणारच, "येशूने तर मोहरी सगळ्यांत लहान म्हटलंय!" इथे दटावू नका, कृपा करून. तो शेतात पेरणाऱ्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलत होता, हे सरळ सांगा. प्रश्न दाबून वाढवलेला विश्वास कॉलेजच्या पहिल्या वर्षीच गळून पडतो.

किटाने आईचा वेळ वाचतो, मान्य. नोकरी करणाऱ्या आईला तो आधार वाटत असेल तर घ्यावं. मुलांना बरोबरीची मुलं हवीत आणि त्याला एकटी शब्बाथशाळा पुरत नाही, हेही खरं. शुद्धलेखन आणि पाढे काही सुपातून येत नाहीत, त्याला रोज बसावंच लागतं. पण "नुसतं घरी बसवणं"? पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, शाळेत नव्हे, तीर्थयात्रेच्या वाटेवर. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या आईकडे कुठलं किट होतं?

परीक्षेचीही भीती नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि मराठी माध्यमही आहे. विज्ञान घेतलंत तर प्रात्यक्षिक असतं. ताई, तू हे वाचत असशील तर मेसेज कर. पणती आणि वजनकाटा माझ्याकडचा घेऊन जा, आणि पाच विषय कोणते घ्यायचे ते लेक बारा वर्षांची झाली की बसून ठरवू.