प्रवक्ते होताय? आधी स्टेजचं बघा

परदेशातल्या मोहिमेवर सैन्याचे प्रवक्ते म्हणून नेमणूक झाली ना? मग नकाशे राहू द्या, आधी स्टेजचं बघा. 2003 साली इराकवर चढाई करताना अमेरिकी सैन्याने कतारमध्ये, दोह्याजवळच्या तळावर, एका गोदामात पत्रकार परिषदेचं स्टेज उभारलं. डिझायनर हॉलीवूडचा, खर्च सुमारे अडीच लाख डॉलर, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. बगदाद तिथून हजार किलोमीटरच्या पुढे. एवढ्या लांब धूरही येत नाही आणि नको ते दिसतही नाही.

पत्रकारांना हाकलू नका, गाडीत घ्या. त्याच युद्धात सहाशेच्या वर पत्रकार तुकड्यांसोबत फिरले. ज्याच्या चिलखती गाडीत झोपायचं, ज्याच्या पाकिटातलं खायचं, गोळी आली की ज्याच्या आडोशाला वाकायचं, त्याच्याविषयी वाकडं लिहायला हात धजत नाही. खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच. सेन्सॉरचा पगार वाचला!

फीत मात्र निवडून दाखवा. जानेवारी 1991 मध्ये, आखाती युद्धात, सौदीतल्या रियाधला अमेरिकी जनरल श्वार्झकॉफ यांनी एक दाखवली होती. पुलावरून एक गाडी जेमतेम पार होते आणि मागे बॉम्ब पडतो. हा इराकमधला सगळ्यात नशीबवान माणूस, असं जनरलसाहेब म्हणाले आणि पत्रकारांत हशा पिकला. त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी नेम धरून जाणारे शेकडा दहासुद्धा नव्हते. पण एकदा हसलेला माणूस उरलेल्या नव्वदांची फीत कशाला मागतोय?

आता व्याकरण. वाक्यातला कर्ता गाळायला शिका. ‘आम्ही मारलं’ कधीच नाही. ‘जीवितहानी झाली’, जणू अवकाळी पाऊस झाला.

आणि घाई करायची ती फक्त शाबासकीची. 29 ऑगस्ट 2021 ला काबूलमध्ये ड्रोनने एक पांढरी कोरोला उडवली. तीनच दिवसांत अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या तोंडून हल्ला ‘न्याय्य’ ठरला. गाडीत स्फोटकं असल्याचं सांगितलं होतं. चढवले होते पाण्याचे कॅन. मेली दहा माणसं, त्यांत सात मुलं. कबुली 17 सप्टेंबरला आली, शुक्रवारी. वार लक्षात ठेवा, शनिवार-रविवारी बातम्या कमी बघतात. डिसेंबरात जाहीर झालं की कुणालाही शिक्षा नाही, चूक प्रक्रियेची होती.

बघा, इथेही कर्ता नाहीच.