शिक्षेचं टार्गेट दिलं म्हणून खटले हलणार नाहीत

गेले काही आठवडे नाशिकमधल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच मजकूर फिरून फिरून येतोय. त्याचा गाभा असा: "भारतात शंभरातले निम्मे गुन्हेगार सुटतात, जपानमध्ये ९९ टक्क्यांना शिक्षा होते. आपल्याकडे न्यायाधीश सुट्ट्या घेतात, वकील तारखा घेतात, कुणालाच टार्गेट नाही. प्रत्येक कोर्टाला महिन्याचं शिक्षेचं टार्गेट द्या, सगळे खटले फास्ट ट्रॅकवर घ्या, मग बघा."

हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांचा राग खरा आहे. घरफोडीत बायकोचं मंगळसूत्र गेलं आणि साक्षीचं समन्स आठ-दहा वर्षांनी आलं, तर माणूस चिडणारच. मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने तपासून घ्या. पण मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा हा राग भलत्याच दारात नेऊन सोडतो, म्हणून एकेकाचं उत्तर देते.

"निम्मे गुन्हेगार सुटतात"

आकडा हवेतला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात भारतीय दंड संहितेखालच्या गुन्ह्यांत शिक्षेचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. पण हे ५४ कशातले? दाखल झालेल्या गुन्ह्यांतले नव्हेत. त्या वर्षी ज्या खटल्यांचा निकाल लागला, फक्त त्यांतले. वर्षअखेरीस दंड संहितेच्या दर दहांपैकी नऊ खटले कोर्टात पडूनच असतात आणि या भागाकारात ते कुठेच येत नाहीत. पोलिसांनी 'अ समरी' पाठवून बंद केलेली प्रकरणंही येत नाहीत. अ समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण छडा लागला नाही. मोटारसायकल चोरीला गेलेल्या कितीतरी नाशिककरांची फिर्याद याच वाटेने संपते. त्यांच्या लेखी न्याय मिळालाच नाही, पण टक्केवारीत त्याची नोंद शून्य.

शिवाय हा सरासरीचा आकडा फसवा आहे. त्याच अहवालात बलात्काराच्या खटल्यांत प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास आहे. उलट जिथे आरोपी पहिल्या-दुसऱ्या तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा होतो, अशा किरकोळ गुन्ह्यांत प्रमाण आपोआप चढतं. म्हणजे एखाद्या जिल्ह्याने बेदरकार गाडी चालवण्याच्या आणि रस्त्यात अडथळा केल्याच्या केसेस जास्त केल्या, तर एकाही दरोड्याचा तपास न सुधारता तिथले टक्के वाढलेले दिसतील. अशा आकड्यावरून कोर्ट चांगलं चाललंय की वाईट, हे कसं सांगणार?

आणि सुटलेला प्रत्येक जण गुन्हेगारच, हे गृहीतक तर मुळात मान्य करू नका. देशातल्या तुरुंगांतले दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. त्यांच्यातले बरेच जण पुढे निर्दोष ठरतात, आणि तोवर आत काढलेली वर्षं त्यांना कुणी परत देत नाही.

"जपानमध्ये ९९ टक्के"

खरं आहे, पण अर्धंच. जपानमध्ये पोलिसांनी पाठवलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक प्रकरणं सरकारी वकील कोर्टात नेतच नाहीत. पुरावा भक्कम असेल तीच नेतात. गाळून-निवडून नेलेल्या प्रकरणांत ९९ टक्के येणारच. शिवाय खटला दाखल होण्याआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवून चौकशी होते आणि कबुलीजबाबावर मोठी भिस्त असते. इवाओ हाकामादा यांना १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१४ मध्ये ते तुरुंगाबाहेर आले आणि २०२४ मध्ये फेरखटल्यात निर्दोष ठरले. तपास यंत्रणेने पुरावा रचल्याचं तिथल्याच कोर्टाने नमूद केलं. ९९ टक्क्यांत अशीही माणसं असतात.

जपानकडून घ्यायचंच असेल तर गाळणी घ्यावी. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात आणि खटला चालवायची जबाबदारी ज्याची, त्या सरकारी वकिलाच्या हातात कागद अनेकदा नंतर पडतात. तोवर पंचनाम्यातली विसंगती, जप्तीच्या सीलवरची सुटलेली सही, ओळखपरेडला झालेला उशीर, सगळं पक्कं झालेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्यापासून वेगळं करायला सांगितलं. ते योग्यच होतं, वकील पोलिसांच्या हुकमाखाली नसावा. पण वेगळं करताना दोघांनी एका टेबलावर बसून पुरावा तपासायची सवयही राहिली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अभियोग संचालनालयाच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या खात्याच्या, उपसंचालकाला सात ते दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल तपासून पाहायचं काम सोपवलेलं आहे. ते नीट होतंय का, हे नाशिकमध्ये विचारायला हवं.

"कोर्टाला सुट्ट्याच फार"

उन्हाळ्याची, दिवाळीची, नाताळची सुट्टी असते. रिमांड आणि जामिनाचं काम त्या काळातही चालतं. सुट्टी कमी करायला माझी हरकत नाही. पण कोर्ट चालू असलेल्या दिवशी काय होतं, ते आधी बघा.

पेठ तालुक्यातून पहाटेच्या एसटीने निघालेला पंच नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरतो आणि अकराच्या आत कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन उभा राहतो. चोरीच्या केसमध्ये काही वर्षांपूर्वी त्याच्यासमोर एक मोटार पंप जप्त झाला होता. आज साक्षीसाठी त्याने मजुरी बुडवली आहे. बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत, पन्नासच्या वर प्रकरणं आहेत. सरकारी वकिलांकडे शेजारच्या कोर्टाचाही भार आहे, त्या तिकडे जामिनाला विरोध करतायत. पैरवीचा, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारा, हवालदार धावपळ करतोय, कारण मुद्देमाल ठाण्याच्या खोलीतून निघालेलाच नाही. आरोपी नाशिकरोडच्या कारागृहात आहे, पण आणायला गार्ड मिळालेला नाही. दुपारी रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदीत, चार शब्दांच्या दोन ओळी पडतात: साक्षीदार हजर, आरोपीस हजर केले नाही. पुढची तारीख. पंच भत्त्याचं विचारतो, तर साक्ष झालेली नसल्याने त्याला पुन्हा चकरा मारायला लागतात.

असं दोन-तीनदा झालं की तो यायचा थांबतो. मग त्याच्याच नावाने वॉरंट निघतं. पोलीस दारात आल्यावर गावासमोर मान खाली घालून तो येतो आणि पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, "मला काही आठवत नाही, पोलिसांनी सही करायला सांगितली, मी केली." सरकार पक्ष त्याला फितूर जाहीर करतो, आरोपी सुटतो. वर्षअखेरीच्या तक्त्यात ही एक निर्दोष मुक्तता मोजली जाते आणि ग्रुपवर तिचं खापर न्यायाधीशांवर फुटतं. त्या दिवशी न्यायाधीश तर वेळेवर येऊन खुर्चीत बसलेले होते. आडवं आलं ते न मिळालेलं पोलीस गार्ड, ठाण्याचा मुद्देमाल आणि एका वकिलावर टाकलेली दोन कोर्टं. सुट्टी रद्द करून असेच आणखी वीस दिवस मिळवले, तर पंचाच्या फेऱ्या तेवढ्या वाढतील.

"वकील तारखा घेतात"

घेतात. उलटतपास लांबवून साक्षीदार थकवायचा ही काही जणांची ठरलेली पद्धत आहे, ती लाजिरवाणी आहे, आणि बार असोसिएशनने तिच्यावर बोललं पाहिजे. नव्या संहितेचं कलम ३४६ सांगतं की परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरी दोनच वेळा तहकुबी द्यावी. न्यायालयाने ते वापरावं, तहकुबीचा खर्च लावावा. पण वरच्या रोजनाम्यातली तारीख कुणी मागितली होती?

"महिन्याचं टार्गेट द्या"

टार्गेट आहे. कनिष्ठ न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या कामाचं युनिटमध्ये मोजमाप होतं, ठरावीक काळात ठरावीक युनिट पुरी करावी लागतात. त्याचा एक परिणाम आतले लोक जाणतात. लवकर संपणारी प्रकरणं पुढे सरकतात आणि तीस साक्षीदारांचा जुना, किचकट खटला मागे राहतो, कारण त्यात महिने जातात आणि युनिट एकाच निकालाची मिळतात. उच्च न्यायालयं जुन्या खटल्यांना प्राधान्य द्यायला सांगत असतात, पण कामाच्या रेट्यात मोजमापाचा ओढा त्याहून जोरदार ठरतो.

यात शिक्षेचं टार्गेट घातलं तर काय होईल, याचा विचार करा. ज्या न्यायाधीशाला महिनाअखेरीस अमुक शिक्षा दाखवायच्या आहेत, त्याच्यासमोर उद्या तुमचा भाऊ खोट्या फिर्यादीत उभा राहिला तर? ठाणेदाराला टार्गेट दिलं तर तो अवघड गुन्हा नोंदवायलाच टाळाटाळ करेल. त्यात सगळ्यात आधी भरडला जाईल तो फिर्यादी.

फौजदारी कोर्ट म्हणजे खून-दरोड्यांचं कोर्ट, हे चित्रही पुरं नाही. २०१९ च्या अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाखांवर प्रकरणं न वटलेल्या धनादेशांची होती, ही नोंद सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये केली. मुळात पैशाची वसुली असलेली ही प्रकरणं दंडाधिकाऱ्यांचा वेळ खातात आणि मारहाणीच्या खटल्याला मग वर्षभरात मोजक्या तारखा मिळतात.

"सगळं फास्ट ट्रॅकवर घ्या"

हा प्रयोग होऊन गेला आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० मध्ये देशभरासाठी १७३४ फास्ट ट्रॅक कोर्टं मंजूर झाली आणि मार्च २०११ नंतर केंद्राने त्यांचा पैसा थांबवला. नाव बदललं तरी न्यायाधीश त्याच संवर्गातून येतो, सरकारी वकील तेच, समन्स बजावणारा हवालदार तोच. नमुन्यांचा अहवालही प्रयोगशाळेकडूनच यायचा. नाशिकला प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे हे आपलं भाग्य. पण सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं नव्या कायद्याने बंधनकारक होत चाललं आहे, म्हणजे तिथे येणारं काम वाढणार. माणसं वाढवली नाहीत तर फास्ट ट्रॅकचा खटलाही सीए रिपोर्टची, म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघत बसेल. सगळेच खटले प्राधान्याचे ठरवले की प्राधान्य कुणालाच मिळत नाही, हे तर उघड आहे.

मग मोजायचं काय?

ज्या तारखेला साक्षीदार आला, त्या तारखेला त्याची साक्ष झाली की तो परत गेला? परत गेला तर कुणामुळे? माझ्या मते हा एक आकडा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो, आणि तो रोजनाम्यात आजही लिहिलेला असतो. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या कोर्टांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर नाशिक जिल्ह्याची प्रलंबित प्रकरणं, त्यांचं वय आणि विलंबाची कारणं कुणालाही मोबाइलवर पाहता येतात. त्याला साक्षीदारांची ही नोंद जोडली आणि मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर अशी तालुकावार मांडली, तर दुखणं कुठे आहे ते महिन्याभरात दिसेल. त्याच्यासोबत समन्सपैकी किती बजावली गेली आणि नमुना पाठवल्यापासून अहवाल यायला किती दिवस लागले, एवढं शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलिसांनी वेगवेगळं जाहीर करावं.

दुसरी गोष्ट निर्दोष मुक्ततांची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात प्रत्येक राज्याला सांगितलं की पोलीस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठांच्या समितीने प्रत्येक निर्दोष मुक्ततेची कारणं तपासावीत, ज्यांनी हलगर्जी केली त्यांची जबाबदारी ठरवावी आणि निघालेल्या चुका तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवाव्यात. राज्याचे फौजदार जिथे घडतात ती महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रोडवर आहे. नाशिकच्या कोर्टांत खटले ज्या कारणांनी पडले, ती कारणं नाशिकच्याच वर्गात शिकवायला अंतर किती आहे?

आणि एक काम आत्ताच करण्यासारखं आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. बंदोबस्तात तपासी अंमलदार, हवालदार, कैद्यांना कोर्टात आणणारे गार्ड सगळे अडकणार आणि कोर्टात 'अंमलदार बंदोबस्तावर' हे कारण महिनोन्‌महिने ऐकू येणार. नव्या संहितेत पोलीस अधिकाऱ्यांची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची सोय आहे. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या कागदपत्रांबाबत त्याच्या जागी आलेल्याची साक्षही चालते. जिल्हा न्यायाधीश, पोलीस आयुक्त, ग्रामीण अधीक्षक आणि कारागृह अधीक्षक यांनी पर्वण्यांच्या तारखा समोर ठेवून साक्षींचं वेळापत्रक आजच लावलं, तर त्या वर्षी पेठचा पंच गर्दीतून वाट काढत येऊन हात हलवत परत जाणार नाही. ग्रुपवर तो मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे एवढी एक मागणी लेखी द्यावी.