साडेचार फुटांचा प्रश्न

सर्वप्रथम एक एक्सेल शीट उघडा. थीम पार्कची सहल एक वेळ मुलांशिवाय पार पडेल, पण शीटशिवाय नाही. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात राईड, तिसऱ्यात 'ऐनवेळी गर्दी असल्यास'. रंगही द्या. माझ्या शीटमध्ये डोंबिवलीहून सकाळी साडेपाचला निघण्याची ओळ हिरवी होती. आम्ही निघालो सात चाळीसला, पण ओळ शेवटपर्यंत हिरवीच राहिली. परिस्थितीपुढे माणसं वाकतात, शीट वाकत नाही.

कुठे जायचं हे मुलांना विचारू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलांना विचारलं तर ती 'कुठेही' म्हणतात आणि तुम्ही एखादं नाव घेतलंत की 'तिथे काय आहे?' म्हणतात. या वयाला धड लहान म्हणता येत नाही, धड मोठं म्हणता येत नाही. रस्ता ओलांडताना हात धरलेला चालत नाही आणि रात्री पॅसेजमधला दिवा बंद केलेलाही चालत नाही. तेव्हा निर्णय तुम्हीच घ्या आणि 'हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय' हे वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतर, म्हणत जा.

आमच्या लहानपणी हा प्रश्न फार सोपा होता. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि त्यानंतर कित्येक वर्षं सहल म्हटलं की लाँचमध्ये बसून खाडी ओलांडायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. ते आता बंद झालंय. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. त्याहून मोठी झेप घ्यायची ऐपत असेल तर सिंगापूर, दुबई, हाँगकाँग आहेच, पण मग हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही टूरवाल्यांच्या बसमध्ये बसून परदेशात पुरणपोळी खा.

जागा ठरली की मुलांना स्वतःच्या शौर्याची गोष्ट सांगा. मी सांगितली होती: सातवीच्या सहलीत मी रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात, पहिल्या रांगेत, दोन्ही हात वर करून बसलो होतो. साक्षीदार पांगलेले असतात, त्यामुळे अशा गोष्टींना मरण नाही. प्रत्यक्षात मी खाली उभा राहून अकरा जणांच्या चपला, दोन चष्मे आणि वर्गाचे डबे सांभाळले होते. पण त्यासाठी शीटमध्ये रकाना नाही.

आता वार. शनिवार-रविवार गेलात तर मुंबई आणि पुणे अशी दोन्ही शहरं एक्स्प्रेसवेवर तुमच्या पुढे उभी असतात. म्हणून मी मंगळवार काढला, ऑफिसात रजा टाकली आणि घरी जाहीर केलं. बायको म्हणाली, "बघ बाबा." आई मात्र लगेच म्हणाली, "चालेल की. मंगळवार चांगला." ज्या बाईने मागच्या बारा वर्षांत माझा एकही बेत पहिल्या फटक्यात मान्य केलेला नाही, ती इतक्या सहज हो म्हणते तेव्हा शहाण्या माणसाने शीट बंद करून कालनिर्णय उघडावं. मी उघडलं नाही. तो मंगळवार अंगारकीचा होता.

खोपोलीच्या अलीकडे महड आहे, वरदविनायकाचं. पुढे खोपोली-पाली रस्त्याने गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. म्हणजे अष्टविनायकांतले दोन गणपती आणि मधे एक थीम पार्क, असा तो भाग आहे. तुम्हाला त्यात थीम पार्क दिसतो, आईला गणपती. "वाटेवरच आहे रे, पाच मिनिटं हात जोडून निघू," हे आई महडच्या फाट्यावर म्हणाली. तिथल्या रांगेत आम्ही सव्वादोन तास होतो. पण याकडे सकारात्मक नजरेने पाहा. पार्कात पुढे जे करायचं असतं त्याची ही रंगीत तालीम असते: ऊन तेच, लोखंडी कठडे तेच, आणि पुढचा माणूस 'आमचे पाच जण मागून येतायत' म्हणतो तोही तोच. फरक एवढाच की महडला शेवटी प्रसाद मिळतो.

पालीचा विषय बायकोने गाडीतच संपवला. तिने नेमकं काय म्हटलं ते आई मागच्या सीटवर असल्यामुळे मला कळलं, इतरांना कळलं नाही.

खाण्याचं नियोजन. पार्कात बाहेरचे पदार्थ नेऊ देत नाहीत, हे बहुतेक ठिकाणी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती पाटी इतरांसाठी आहे असं समजून डबे भरा. अंगारकीमुळे आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी होती, स्टीलच्या मोठ्या डब्यात, वर दाण्याचं कूट वेगळं, दही वेगळं. फाटकावर सिक्युरिटीवाल्याने झाकण उघडलं. "आजी, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"बाहेरचं कुठंय? घरचं आहे."

त्याच्याजवळ याला उत्तर नव्हतं. तो डब्याकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "आजी, उपास मलाही आहे." पाचव्या मिनिटाला आम्ही सगळे पार्किंगमध्ये, डिकी उघडी टाकून, उभ्यानेच खिचडी खात होतो. आईने एक वाडगा भरून धाकटीबरोबर फाटकावर पाठवला, वर कूट घालून. शीटप्रमाणे या वेळी आम्ही चौथ्या राईडमधून उतरत होतो.

यानंतर येते ती तिकिटाची खिडकी, आणि इथे तुमच्या खानदानाचा कस लागतो. आपण एसटीच्या अर्ध्या तिकिटावर वाढलेली माणसं. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट, त्यामुळे कित्येकांना आपलं खरं वय पहिल्यांदा दहावीच्या फॉर्मवरच कळलं. पार्कवाल्यांनी आपल्याला ओळखलं आहे. बहुतेक ठिकाणी ते वय विचारतच नाहीत, उंची मोजतात. भिंतीवर पट्टी, साडेचार फुटांच्या आसपास एक रेघ. रेघेखाली मूल, रेघेवर माणूस.

तेव्हा आदल्या रात्री मुलांचा सराव घ्या. गुडघे किंचित वाकवायचे, खांदे पाडायचे, मान आत. मात्र त्यांना हेही समजावून सांगा की अर्ध्या तासाने मोठ्या राईडच्या दाराशी अशीच दुसरी पट्टी असते आणि तिथे टाचा उचलायच्या, छाती पुढे काढायची. एकाच मुलाने एकाच दिवशी खिडकीवर बुटकं आणि कोस्टरवर उंच असायचं. यालाच संस्कार म्हणतात.

थोरला बारा वर्षांचा आहे, पण अंगाने बेताचा. तो वाकला, व्यवस्थित वाकला. धाकटी दहाची. ती पट्टीसमोर गेली, चप्पल काढली, पाठ भिंतीला टेकवली आणि झेंडावंदनाला उभी राहावी तशी उभी राहिली. डोक्यावर तळहात आडवा धरून खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "बघा, रेघेच्या वर आहे." मी खोकलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पूर्ण तिकीट घेतलं.

रांगेत काय करायचं? मुलांशी बोला, असं सगळे सांगतात. मीही रोलर कोस्टरमागचं विज्ञान समजावून सांगायचं ठरवलं होतं, तयारीही केली होती. पण थोरल्याने त्या कोस्टरचे व्हिडिओ इतके पाहिले होते की त्यानेच मला शिकवलं. गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढत नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं त्या उंचीच्या जिवावर. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच, नंतरचे त्याहून कमी. "हिला खाली फ्लोअर नसतो, पाय लोंबकळतात. स्विस कंपनीचं डिझाइन आहे, बोलिगर आणि माबिलार्ड. उंची चाळीस मीटर." मी वर पाहिलं. चाळीस मीटर म्हणजे आमची सात मजल्यांची बिल्डिंग, तिच्यावर पाण्याची टाकी आणि त्यावर अजून पुष्कळ काही.

तो बोलतच होता. रशियात लोक लाकडी सांगाड्यावर बर्फ गोठवून घसरगुंड्या करायचे, तिथून हे सुरू झालं. १८८४ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला अमेरिकेतली पहिली गाजलेली कोस्टर निघाली, तिकीट पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. "सहा मैल? म्हणजे आपल्या कल्याण-शीळ रोडसारखं," मी म्हटलं. तो हसला नाही. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं तेव्हा खोटी तिकिटं दाखवून हजारो लोक आत घुसले, उन्हाने नवं डांबर इतकं मऊ झालं की बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते. हे ऐकून मला फार बरं वाटलं. वॉल्ट डिस्नीकडे नक्की शीट असणार.

रांग पुढे सरकत होती आणि थोरल्याची माहिती संपत नव्हती. ब्रेक कुठे लागतात. गाडी अडकली तर उतरवतात कसं. खांद्यावरचा दांडा आपोआप उघडू शकतो का. नाही उघडू शकत. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं. मला जरा नवल वाटलं, पण मी माझ्या हातांकडे लक्ष देत होतो. ते वर करायचे होते, पहिल्या रांगेत, आणि आत्ताच घामाने ओले झाले होते.

आई आणि बायको सावलीत ताक प्यायला गेल्या होत्या आणि सगळं सामान आमच्याकडे होतं: दोन पाठीवरच्या बॅगा, खिचडीचा रिकामा डबा, पाण्याच्या तीन बाटल्या, आईची महडच्या प्रसादाची पिशवी. लॉकरचे पैसे वाचवा असं मी शीटमध्ये स्वतःच लिहिलं होतं. दाराशी पट्टी होती. धाकटी तिच्याखाली उभी राहिली, आतल्या पोराने मान हलवली आणि ती उड्या मारत पुढे गेली.

थोरला थांबला. वरून एक गाडी खाली आली, आवाजासकट. ती गेल्यावर तो अगदी सहज, बुटाची लेस बघत म्हणाला, "बाबा, तू जा. मी बॅगा सांभाळतो."

अशा वेळी काय करावं याचा सल्ला माझ्याकडे आहे. त्याला धीर द्यावा, पाठीवर थाप मारावी, मी आहे ना म्हणावं. हे सगळं मला आठवत होतं.

"एवढं सामान तुला एकट्याला कसं झेपेल?" मी म्हटलं.

समोर गुलमोहराखाली सिमेंटचा बाक होता. आम्ही सगळं नीट मधे ठेवलं, दोन्ही बाजूंना आम्ही बसलो. त्याने प्रसादाची पिशवी उघडली, आम्ही एकेक पेढा खाल्ला. धाकटी पहिल्यांदा उतरली ती केस उभे राहिलेल्या अवस्थेत, आणि परत रांगेत गेली. दुसऱ्यांदा उतरली आणि बाकापाशी आली.

"तुम्ही दोघं काय करताय इथे?"

"काही नाही," थोरला म्हणाला. "तुझ्या चपला दे इकडे, पडतील."