उपड्या ग्लासात चढणारे पाणी ऑक्सिजन मोजत नाही

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते आणि पाणी आत चढते. या प्रयोगासोबत सर्रास फिरणारे स्पष्टीकरण असे: "ऑक्सिजन संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही तेवढेच चढले." प्रयोग सुंदर आहे. स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे.

"ऑक्सिजन संपला." संपत नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. बंद जागेत साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते.

"त्याची जागा रिकामी झाली." जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. वाफेचे पाणी होते, हे मान्य. पण वापरलेल्या ऑक्सिजनच्या सुमारे दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड उरतो आणि तो पाण्यात इतक्या झटपट विरघळत नाही. म्हणजे खरी घट जेमतेम दोन टक्के.

"म्हणून पाणी चढले." मग ज्योत जळत असताना ते सावकाश चढत राहायला हवे. नीट बघा: ज्योत मंदावून विझते, तेव्हा पाणी भराभर वर येते. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडेही सुटतात. खरे कारण तिथेच दिसते. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, थोडी बाहेर पडते; उरलेली थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ८७ अंश सेल्सिअसची हवा २७ अंशांवर आली, म्हणजे ३६० केल्विनवरून ३०० वर, तर त्याच दाबाला तिचे आकारमान एक षष्ठांशाने घटते. एक पंचमांशाशी जुळणारा आकडा असा योगायोगाने येतो, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे.

तरीही पटत नसेल तर त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढते, कारण हवा जास्त तापलेली असते.

वर्गात ऑक्सिजनच मोजायचा असेल, तर व्हिनेगरने धुतलेली ओली लोखंडी लोकर (लोखंडाच्या बारीक तारांचा पुंजका) परीक्षानळीत घट्ट बसवून नळी पाण्यात उपडी ठेवा. न गंजणाऱ्या पोलादाची घासणी इथे चालणार नाही. लोखंड गंजताना नळीतला ऑक्सिजन वापरते आणि गंज घनरूप असतो, त्यामुळे ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायू येत नाही. एक-दोन दिवसांत पाणी जवळपास एक पंचमांश चढून थांबते. मोजण्याआधी नळी वरखाली करून आतली-बाहेरची पातळी सारखी करा, म्हणजे दाबाच्या फरकाची चूक राहणार नाही.