वासरू आपलं आपण बाहेर आलं

बंधू-भगिनींनो, सलाम. तुमच्या हातून उद्या काही झालंच, तर ‘मी केलं’ हे दोन शब्द तेवढे तोंडातून निसटू देऊ नका. बाकी काहीही निस्तरता येतं, हे दोन शब्द मात्र नाही. आणि आपल्याला त्यांची गरज तरी काय? आपल्या ख्रिस्ती घरोघरी काळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक आहे, बायबल. त्यात ‘मी नाही’ म्हणायच्या इतक्या तऱ्हा आहेत की एका जन्मात वापरून संपायच्या नाहीत.

मूळ पुरुषापासूनच धरा. एदेन बागेत देवाने आदामाला सरळ विचारलं, फळ खाल्लंस का? ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. आदाम म्हणाला, जी बाई तू मला दिलीस, तिने दिलं, म्हणून खाल्लं. एका दमात बायकोही अडकली आणि देणाराही. स्वतः आदाम शेवटच्या क्रियापदापुरता. हव्वेने सापाकडे बोट दाखवलं. सापाला कुणी काही विचारलंच नाही, नाहीतर त्यानेही झाडाकडे शेपूट केलं असतं.

माझा खरा गुरू मात्र अहरोन, मोशेचा भाऊ. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे डोंगरावर देवाला भेटायला गेला, लवकर उतरेना, लोक कंटाळले. अहरोनाने त्यांच्या कानांतलं सोनं गोळा केलं, ओतलं, कोरणीने घडवलं आणि पूजेला वासरू उभं केलं. पुढे मोशे खाली येऊन डाफरला, तेव्हा अहरोन काय म्हणतो? लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. बाहेर आलं! कान, शेपूट, खूर, सगळं जागच्या जागी. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात चौथ्या वचनात कोरणी आहे, चोविसाव्यात नाही. मधल्या वचनांत ती कुठे गेली, हे संडे स्कूलच्या पोरांनी विचारू नये.

बिचाऱ्याला मराठी येत असती तर आगीची भानगडही करावी लागली नसती. आपल्याकडे कप फुटतो, दूध उतू जातं, पैसे खर्च होतात, उशीर होतो. कप जणू स्वतःच ओट्यावरून उडी घेतो. आणि ‘राहून गेलं’ची सर तर कशालाच नाही. फोन करायचा राहून गेला, पैसे द्यायचे राहून गेले. पाहुणे आल्यासारखं ते आलं, चार दिवस राहिलं आणि गेलं. आपण आपले दारात उभे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबल सोप्या मराठीत आणलं आणि त्यांच्यामागे १९२४ साली ते छापूनही निघालं. हेतू असा की साध्यासुध्या बायांनाही वाचता यावं. आमची तक्रार तीच आहे. फार सोपं केलं की कोणी काय केलं ते लगेच कळतं.

लोकांवर ढकलायचं असेल तर शौल राजा पाहा. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, असा देवाचा हुकूम होता. याने धष्टपुष्ट जनावरं राखली. शमुवेल संदेष्टा येऊन विचारतो, मग ही मेंढरं कुठली ओरडताहेत? शौल म्हणतो, लोकांनी आणली, तीही परमेश्वराला यज्ञ करायला. म्हणजे ढापायचं ते ढापायचं, वर अर्पणात दाखवायचं. चर्चच्या मंडळीच्या हिशेबात ही युक्ती अजून चालते असं मी म्हणणार नाही. कारभार बघणारी पंचमंडळी वाचत असेल.

येशूला क्रुसावर धाडणाऱ्या पिलात सुभेदाराच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याने चारचौघांत पाणी मागवून हात धुतले, आणि तरीही आपण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, ‘पंतय पिलाताच्या वेळेस’ म्हणून त्याचं नाव घेतोच आहोत. पाण्याने डाग निघत नाही. सैतान वापरा. तो बिनपगारी गडी आहे, कितीही ओझं टाका, कुरकुरत नाही. भावाच्या वाटणीत घोळ केला? सैतानाने मोहात पाडलं. फक्त बायबलातलं याकोबाचं पत्र जपून उघडा. प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो, असं काहीतरी तो पहिल्याच अध्यायात म्हणून बसलाय. सैतान कामात असला तर ‘देवाची इच्छा’ आहेच. पोरगा गणितात उडाला ही देवाची इच्छा, पास झाला की क्लासची फी.

आमच्या वसईकडच्या कॅथलिक पाहुण्यांची सोय वेगळी. त्यांना पापनिवेदनाला जाऊन गुडघे टेकावे लागतात. पण तिथेही मार्ग आहे. आपली पापं सांगायचीच नाहीत, जावेची सांगायची. ‘फादर, मला फार राग येतो, कारण ती...’ इथून सुरू केलं की पंधरा मिनिटं सहज जातात, आणि प्रायश्चित्त जावेने करावं अशी अवस्था होते.

आता दोन माणसांपासून सावध करतो. एक दावीद. राजा माणूस, उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मारवलं, आणि प्रकरण किती नीट दाबलं होतं. नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच’ म्हणायचा अवकाश, हा म्हणाला, मी पाप केलं. ना साप, ना वासरू. दुसरा जक्कय. बुटका जकातदार, झाडावर चढला होता तिथे राहिला असता तर निभावलं असतं. उतरला, आणि कोणी काही मागितलेलं नसताना म्हणतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट! हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला कारण एक भोपळा आहे.

गेल्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाला, उपासनेनंतर आवारात अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव चालला होता. अंडी गेली, कोंबडी गेली, मग एक लाल भोपळा आला. कुणीतरी ५०० म्हटलं. पाहुणे बघत होते, माझ्या तोंडून ११०० निघून गेले. टाळ्या पडल्या. भोपळा घरी आला. अर्ध्याची भाजी झाली, अर्ध्याचे घारगे झाले, बिया गच्चीवर वाळत पडल्या. पैसे द्यायचे राहून गेले.

परवा रविवारी खजिनदारांनी गाठलं. ते निवृत्त मराठीचे शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. त्यांनी रेघांची वही उघडली, चष्मा नाकावर ओढला आणि बोट ठेवलं. ‘लाल भोपळा, एक नग.’ मी म्हटलं, ‘हो सर, ते द्यायचं राहून गेलं.’

‘वाक्यात कर्ता दिसत नाही,’ सर म्हणाले.

मी म्हटलं, ‘सर, तेव्हा प्रभूनेच मनात घातलं होतं.’

‘तो कर्ता होऊ दे. मग त्यालाच पावती फाडू का?’

जक्कयाच्या हिशेबाने ४४०० होतात, हे माझ्या डोक्यात आधीच होऊन गेलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. बायको शेजारीच उभी होती.

‘सर,’ मी म्हणालो, ‘भोपळ्याचे घारगे हिला आवडतात. आणि हे स्थळ तुम्हीच आणलं होतं.’