‘चोचले’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

मनःस्थिती आणि प्रसंग पाहून अत्तर कसे निवडावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त राग आला आणि तिसऱ्यांदा उत्तर द्यायचे ठरवले. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी आपलेच शब्द देते : “ताई, लेख छान आहे, पण हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत. मूड पाहून अत्तर लावायचे तर घरात दहा बाटल्या हव्यात. वाळ्याने मन शांत होते याला आधार काय? आणि बंद एसी खोलीत शेजारच्याचे डोके उठते, त्याबद्दल आपण अवाक्षरही काढलेले नाही. शिवाय खस आणि वाळा ही दोन वेगळी अत्तरे म्हणून दिली आहेत, ती एकच आहेत.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेथे आपले बरोबर आहे. खस आणि वाळा ही एकाच गवताच्या मुळांची नावे आहेत. उत्तरेत खस म्हणतात, आपल्याकडे वाळा. माझ्या यादीत ती दोन ओळींत आली, ही चूक झाली. दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानते. इतकेच सांगते की बाजारात ‘खस’ म्हणून मिळणाऱ्या हिरव्यागार बाटलीतला गोडसर उग्र वास आणि माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा मातकट, ओलसर वास एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत, त्यामुळे माझी चूक लिहिताना झाली, हुंगताना नव्हे. असो. चूक ती चूक.

आता ‘चोचले’. आधी ‘ताई’ म्हणायचे, मग ‘लेख छान’ म्हणायचे आणि त्यानंतर एक ‘पण’ लावून लिहिणाऱ्या बाईच्या पोटापर्यंत जाऊन पोहोचायचे, ही रीत आता माझ्या चांगल्या परिचयाची झाली आहे. लेख वाईट आहे असे आपण स्पष्ट म्हटले असते तर मी ते मुकाट्याने ऐकून घेतले असते. आपण मात्र लेख छान ठरवलात आणि तो लिहिणारी सुखवस्तू व रिकामटेकडी ठरवलीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर किंवा मोटारीच्या चाकांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या पुरुषांना, बाबा रे तुझे जेवण झाले आहे ना, असे कोणी विचारल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही. अत्तर म्हटले की मात्र लगेच पोट आठवते.

तर माझे पोट कसे भरले ते सांगते. साताऱ्याला माझ्या वडिलांचे कटलरीचे दुकान होते. बांगड्या, रिबिनी, पिना, कुंकू, काजळ, आणि एका कोपऱ्यात काचेच्या बुचांच्या बाटल्या असलेली लाकडी अत्तरपेटी. माझ्या आणि माझ्या भावाच्या शाळेच्या फीमध्ये त्या पेटीचा वाटा होता. अत्तर तोळ्यावर विकले जाई आणि पाव तोळा घेणारे गिऱ्हाईक आमच्याकडे मोठे समजले जाई, कारण बहुतेक लोक फक्त फाया घेत : कापसाचा एवढासा बोळा अत्तरात भिजवायचा, तो कानात खोचायचा आणि तेथूनच लग्नघर गाठायचे. दिवसाची मजुरी खिशात घेऊन आलेला एक हमाल मला अजून आठवतो. त्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि त्याला गुलाबाचा फाया हवा होता. गुलाब संपला होता म्हणून वडिलांनी मोगरा पुढे केला, तर तो म्हणाला, “मोगरा बायकांच्या केसात असतोय, मला गुलाबच पाहिजे,” आणि दुसऱ्या दुकानाकडे चालू लागला. त्याच्या घरी दहा काय, एकही बाटली नसावी. प्रसंगाला कोणता वास शोभतो हे मात्र त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. त्याचे पोट भरलेले होते का, ते आपण मला सांगावे.

वडिलांच्या पेटीला दोन खण होते, थंड आणि गरम. वाळा, गुलाब, मोगरा, केवडा हे थंड. हिना, शमामा (मसाले आणि जडीबुटींचे मिश्र अत्तर) आणि कस्तुरीच्या वळणाची सगळी अत्तरे गरम. होळी झाली की गरम खण मागे सरके आणि दुकानात दिवाळीचे उटणे आले की तो पुन्हा पुढे येई. हा त्यांचा शोध नव्हता आणि कोणाची हौसही नव्हती. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या ऋतुचर्येत हेमंतासाठी केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूची धुरी सांगितली आहे, तर ग्रीष्मासाठी चंदन आणि मोगऱ्याच्या माळा. त्यामागचे कारण कोणालाही समजण्यासारखे आहे : उकाड्यात अंगावरचा सुगंध भराभर उडतो, त्यामुळे जड, मसालेदार वास एकदम अंगावर येतो आणि घामात मिसळून कोंदटतो; थंडीत मुळातच वास कमी उडतो, म्हणून हिन्यासारखे दाट अत्तर तेव्हा सुखाचे वाटते. ज्योतिषी वराहमिहिराने तर सहाव्या शतकात आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर किती मिश्रणे होतात याचा हिशेब मांडून १८२० हा आकडा दिला आहे. ही सगळी राजेरजवाड्यांची कामे, असे आपण म्हणाल याची मला खात्री आहे, म्हणून वाग्भट आणि वराहमिहिर यांना तेथेच सोडून मी आमच्या आळीत येते.

आमच्या आळीत चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे असत, आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तराचे बोट लावून वर गुलाबपाणी शिंपडले जाई. ते अत्तर बहुतेकदा वाळ्याचे किंवा मोगऱ्याचे असे. अनेक घरांत मिळून एकच अत्तरदाणी होती आणि ती हळदीकुंकवाच्या तारखेप्रमाणे या घरातून त्या घरात फिरे. दिवाळीच्या पहाटे कपूरकाचरी आणि नागरमोथ्याचा वास ज्या घरात येत नसे असे घर मला आठवत नाही, मग त्या घरात फराळाचे डबे दोन असोत की दहा. ज्या बायकांनी आयुष्यात स्वतःसाठी कुपी विकत घेतली नाही, त्यांनाही संक्रांतीचा वास आणि चैत्राचा वास वेगवेगळा माहीत होता. त्यांना आपण चोचले करणाऱ्या म्हणणार असाल तर माझ्यासमोर म्हणू नका.

आणि जे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही ते असे की प्रसंगानुसार निवड करणे यात न लावणेही येते. अत्तर विकणाऱ्याच्या हातांना वास कायमचा चिकटतो. जेवताना, झोपताना, देवाला फूल वाहताना तो असतोच. गावात कोणाकडे मयत झाले आणि वडिलांना समाचाराला जायचे असले की ते आधी मोरीत बसून डाळीचे पीठ आणि लिंबू लावून कोपरापर्यंत हात घासत. मी पाणी ओतत असे. हात हुंगून ते माझ्यापुढे धरत आणि विचारत, “येतोय का अजून?” मी हो म्हटले की पुन्हा पीठ. एकदा तिसऱ्यांदा घासूनही हिना जाईना, तेव्हा ते त्या घरी गेले पण आत गेले नाहीत, ओट्याखाली उभे राहून हात जोडून परत आले. हा माणूस चौथी शिकलेला होता. प्रसंग आणि गंध यांचा संबंध मी त्याच्याकडून शिकले आहे, कोणत्याही गुळगुळीत कागदाच्या मासिकातून नव्हे, आणि म्हणूनच तो एक शब्द मला इतका लागला.

दहा बाटल्यांचा हिशेबही येथेच चुकता करते. माझ्याकडे चार आहेत : वाळा, मोगरा, हिना, आणि कामावर जाताना वापरायचे लिंबाच्या जातीचे कोलोन. तीन मिलीलिटरची अत्तराची कुपी मला वर्षभर पुरते, कारण चंदनाच्या तेलावर ओढलेले अत्तर काडीच्या टोकाएवढे लागते. स्वस्त कुपीत चंदनाऐवजी पॅराफिनसारखे बिनवासाचे तेल असते हे खरे आहे, आणि माझ्या वडिलांनी तेही विकले, परंतु ते विचारणाऱ्याला तसे सांगून विकले.

वाळ्याने मन शांत होते याला आधार काय, असे आपण विचारता. मी औषध सांगितलेले नव्हते. नाकातून निघालेला संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने जातो, इतर संवेदनांप्रमाणे वळसा घेऊन नाही; एखाद्या वासाने जुने घर क्षणात समोर उभे राहते ते त्यामुळे. मी उत्तर प्रदेशातल्या कनौजला, अत्तरांच्या गावाला, जाऊन आले आहे. फुले उकळायची तांब्याची देग, मातीने लिंपलेले तिचे झाकण, वाफ नेणारी बांबूची नळी आणि अत्तर जमा होणारा, पाण्यात बुडवलेला भपका हे सगळे तेथे उभे राहून पाहिले आहे, आणि भाजलेल्या मातीपासून काढलेले मातीचे अत्तरही हुंगले आहे. पहिल्या पावसाच्या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, त्याच्या कितीतरी आधीपासून कनौजचे लोक तो वास कुपीत भरत आले आहेत. ते अत्तर मी हौसेने सांगलीच्या मावशीकडे नेले. २०१९च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरले होते. तिने बूच उघडले, लगेच बंद केले आणि कुपी मला परत दिली. म्हणजे कोणत्या वासाने काय वाटेल ते ज्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून असते, आणि माझ्या लेखातही ‘मला’ हा शब्द होता. तो आपण वाचला नाहीत याला माझा इलाज नाही. (आपला मुद्दा नेमका हाच होता, असे आता कृपया लिहू नका.)

राहिला डोकेदुखीचा प्रश्न. त्यावर फार लिहिण्यासारखे काही नाही. ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण २ ते ४ टक्के असते आणि ओ द पर्फ्यूममध्ये १५ ते २०, आणि बंद खोलीत काय लावावे हे त्या आकड्यांवरूनच कळते. मी कामावर कोलोन वापरते असे वर लिहिलेच आहे. पूर्वी हिना लावून जात असे. एका जूनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता खुर्ची खिडकीकडे सरकवली, आणि त्या तशाच तीन दिवस उन्हात बसल्या. मला त्यांनी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. चौथ्या दिवसापासून मी कोलोन लावू लागले. ही गोष्ट मूळ लेखात आली नाही, कारण तो लेख अत्तर निवडण्याबद्दल होता, खुर्च्यांबद्दल नव्हता.